गळा कोणाचा, नाव कोणाचे?
(आयरिश भाषेतील गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाविषयी)

भारताची राज्यघटना शिकवताना आयर्लंडचे नाव एकदा तरी घ्यावे लागते. मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली, हे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. त्याच घटनेच्या आठव्या कलमाने आयरिश भाषेला राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा ठरविले आहे. ते आपल्या पाठ्यपुस्तकात नसते. २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते असे सांगणारे १८ लाख ७३ हजार लोक निघाले. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८. घटनेतील स्थान आणि रोजच्या जगण्यातील स्थान यांत एवढे अंतर का पडते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगावे लागू नये. कागदावर समान ठरविल्या गेलेल्या माणसांना ते अनुभवानेच ठाऊक असते.

या लेखात मी त्या भाषेतल्या गाण्यांविषयी आणि ती यंत्रात कशी उतरविली गेली याविषयी लिहिणार आहे. मी संगीताचा जाणकार नाही, इतिहासाचा मास्तर आहे. या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एम.ए.ला असताना लोकसाहित्यावर एक व्याख्यान ऐकले आणि सुट्टीत गावी जाऊन आजीच्या ओव्या मोबाइलवर घेतल्या. ती गात होती, मी पडद्यावर मिनिटे मोजत होतो. मध्येच थांबून ती म्हणाली, "निसतं गाणं घिऊन काय करतूस? कुणी रचलं ते तर इचार." मी म्हणालो, "ते नंतर." ते नंतर कधी आले नाही. आजी गेली. तिच्या ओव्या माझ्याकडे आहेत. त्या कोणी रचल्या, कोणत्या दुःखातून रचल्या, ते माझ्याकडे नाही. पुढे आयरिश गाण्यांविषयी वाचू लागलो तेव्हा कळले की जी चूक मी एका दुपारी केली, तीच चूक तिकडे संस्थांनी, कंपन्यांनी आणि विद्वानांनी अनेक वर्षे केली आहे. आणि ती दुरुस्त करण्याचे मार्गही तिथल्या लोकांनीच शोधले आहेत.

प्रथम भाषेची स्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाखो आयरिश माणसे याच भाषेत बोलत. १८३१ पासून ब्रिटिश सरकारने राष्ट्रीय शाळा काढल्या. त्यांचे माध्यम इंग्रजी. मुलाच्या गळ्यात एक दांडकी अडकवायची, त्याने आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर खाच पाडायची आणि दिवसाअखेर खाचा मोजून मार द्यायचा, ही शिक्षा त्या काळात अनेक ठिकाणी चालत असे. कित्येक आईबापांची त्याला संमतीच होती. मुलाने जगावे, तर त्याला इंग्रजी आले पाहिजे, एवढे त्यांना कळत होते. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. यात सर्वाधिक भरडला गेला तो पश्चिमेकडचा, बटाट्यावर जगणारा, भुईभाड्याने जमीन कसणारा गरीब. आयरिश बोलणारा मुख्यतः तोच होता. परिणामी भाषा आणि दारिद्र्य ही एकाच गोष्टीची दोन नावे होऊन बसली. ज्यांनी घरची बोली गावच्या वेशीवर ठेवून शहरात पाऊल टाकले आहे, त्यांना ही लाज परकी वाटणार नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. आयरिशभाषक शेतकरी अस्पृश्य नव्हता. त्याचा पाणवठा वेगळा नव्हता, त्याची सावली कोणाला विटाळत नव्हती. त्याची स्थिती आणि आपली स्थिती एकच आहे असे म्हणणे म्हणजे दोन्ही इतिहासांवर अन्याय करणे होय. मी तुलना करतो ती एकाच मुद्द्यापुरती. ज्यांच्या हातात लेखणी नव्हती त्यांनी गळ्यात जे सांभाळले, त्याचे लेखणीवाल्यांनी पुढे काय केले, हा तो मुद्दा.

१८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली आणि शहरी, सुशिक्षित राष्ट्रवाद्यांना या भाषेचे प्रेम वाटू लागले. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले. आता पश्चिमेचा किनारा राष्ट्राच्या आत्म्याचे निवासस्थान ठरला. जेथे आयरिश अजून रोज बोलली जात होती त्या भागाला 'गेल्टाख्त' म्हणतात. गेल्टाख्तमधील खेडुतावर कविता झाल्या, भाषणे झाली. खेडूत मात्र बोटीत बसून इंग्लंडमध्ये बांधकामावर आणि अमेरिकेत घरकामाला जातच राहिला. राष्ट्राला त्याचे गाणे हवे होते आणि त्याला काम हवे होते. खेड्याची थोरवी खेड्याबाहेर राहून गाणारे लोक सर्व देशांत असतात. बाबासाहेबांनी आपल्याकडील अशा थोरवीचा हिशेब केव्हाच चुकता केला आहे.

हे गाणे असते तरी कसे? त्याला 'शॅन-नोस' म्हणतात. शब्दशः अर्थ 'जुनी रीत'. एकच गळा, साथ नाही, ताल नाही. शब्दाच्या वजनाप्रमाणे ओळ लांबते, आखडते. एकाच अक्षरावर लहान लहान हरकती येतात आणि त्या प्रत्येक कडव्यात बदलतात. आवाज चढवून, दाबून भावना दाखविण्याची रीत नाही. पुष्कळ गायक डोळे मिटून किंवा भिंतीकडे तोंड करून गात. ऐकणारा मात्र गप्प नसतो. तो मध्येच दाद देतो, धीर देतो; कधी शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेऊन गाण्याबरोबर हळूहळू फिरवत राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाण्याआधी किंवा नंतर गायक त्याची हकीकत सांगतो: हे कोणी रचले, कोण बुडाले, कोणाचे लग्न मोडले, कोणाला देश सोडावा लागला. या हकीकतीला 'ऊदर' असा शब्द आहे. त्या एका शब्दात गाण्याचा कर्ता, कारण आणि आधार असे सर्व अर्थ येतात. हकीकत माहीत नसलेल्याला गाणे आले असे जुने लोक मानत नसत. माझी आजी नेमके हेच सांगत होती.

आता यंत्राकडे येऊ. १९२८ ते १९३१ या काळात सरकारच्या सांगण्यावरून विल्हेल्म डोगेन या जर्मन तज्ज्ञाच्या योजनेखाली आयरिश बोलींचे ध्वनिमुद्रण झाले. १३६ माणसांचे आवाज त्यात आहेत. गोष्टी, प्रार्थना, गाणीही आहेत. हेतू मात्र भाषाशास्त्राचा, उच्चारांचे नमुने गोळा करण्याचा होता. १९३५ मध्ये आयरिश लोकविद्या आयोग स्थापन झाला. त्याचे संग्राहक एडिफोन नावाचे वीस किलोंहून जड यंत्र घेऊन खेडोपाडी फिरत. त्यात मेणाच्या नळकांड्यावर काही मिनिटांचा आवाज उमटत असे. तो ऐकून मजकूर कागदावर उतरवायचा, की नळकांडे तासून पुन्हा कोरे करायचे, कारण नवी नळकांडी घ्यायला पैसा नव्हता. अशा रीतीने असंख्य गायकांचे शब्द वहीत राहिले आणि आवाज मेणाच्या भुश्शाबरोबर गेला. आयोगाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्या वह्या नसत्या तर आज काहीच नसते. परंतु गाणे म्हणजे शब्द आणि गळा म्हणजे केवळ वाहन, ही पोथीनिष्ठ समजूत त्यामागे होती हे नाकारता येत नाही.

याच आयोगात शेमस एनिस नावाचा तरुण १९४२ मध्ये लागला. तो स्वतः उत्तम पाइपवादक होता. सायकल, कागद आणि पेन घेऊन तो कॉनेमारा भागात हिंडला. तेथे कोलम ओ कीऑन या मच्छीमार-शेतकऱ्याकडून त्याने दोनशेहून अधिक गाणी घेतली. एनिसची रोजनिशी प्रसिद्ध झाली आहे. तीत गाण्यांबरोबर त्या घरातले जेवण, गवत कापणी, चेष्टामस्करी सर्व आहे. तो त्यांच्या कामात हात घालत असे, आणि आपणही वाजवून दाखवीत असे. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी होते. संग्राहक आणि गायक यांच्यामध्ये माणुसकीचा व्यवहार असला म्हणजे वहीतदेखील माणूस उरतो, याचे हे उदाहरण आहे.

पुढे चुंबकीय फीत आली आणि परदेशी संग्राहकही आले. १९५१ मध्ये अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स आयर्लंडमध्ये फिरला. कॉर्क परगण्यातील एलिझाबेथ क्रोनिन या वृद्ध बाईची गाणी त्याने घेतली. तिच्याकडे बीबीसीसाठी एनिस आला, १९५२ मध्ये अमेरिकन गायिका जीन रिची आली. १९५६ मध्ये बाई वारली. तिची गाणी निरनिराळ्या देशांतल्या कपाटांत विखुरली होती. ती एकत्र करून, शब्द आणि ध्वनिमुद्रिकांसह, २००० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली ती तिच्याच नातवाने. दाइवी ओ क्रोनिन हा नातू इतिहासाचा अभ्यासक आहे. आजीचा आवाज परत आणायला घरातलाच शिकलेला माणूस लागला, ही गोष्ट मला स्वतःला फार लागली.

पण या साऱ्या कहाणीचा कणा म्हणजे शोसव ओ हेनी. इंग्रजीत त्याला जो हीनी म्हणतात. १९१९ मध्ये कॉनेमारातील कार्ना भागात त्याचा जन्म. घरात गाणे वडिलांपासून आलेले. पोटासाठी तो ब्रिटनमध्ये बांधकामांवर राबला. १९६३ मध्ये लंडनच्या टॉपिक कंपनीने त्याची तबकडी काढली, पुढच्याच वर्षी इवान मॅककोल आणि पेगी सीगर यांनी त्याची दीर्घ मुलाखत गाण्यांसह फितीवर घेतली. १९६५ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट महोत्सवात तो गायला आणि नंतर अमेरिकेतच राहिला. आणि केले काय? न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कसमोरच्या एका उंची इमारतीचा दरवान म्हणून नोकरी. ज्याच्या तबकड्या अभ्यासक जपून ठेवीत होते तो माणूस गणवेश घालून श्रीमंतांसाठी दार उघडत होता. जॉन केजसारख्या प्रयोगशील संगीतकाराने १९७९ मध्ये आपल्या रचनेसाठी त्याला शोधून काढले. १९८२ मध्ये अमेरिकेने त्याला राष्ट्रीय वारसा पुरस्कार दिला, सिएटलच्या विद्यापीठात त्याला शिकविण्यासाठी बोलावले. १९८४ मध्ये तो तेथेच वारला आणि त्याला कार्नाजवळ आणून पुरण्यात आले. त्याच्या आवाजाचा आज मोठा संग्रह आहे, त्याच्यावर ग्रंथ आहे, २०१७ मध्ये चित्रपटही निघाला. मायदेशाने मात्र तो जिवंत असताना त्याला गाण्यावर जगू दिले नाही.

अशा वेळी प्रश्न पडतो की गाणे जतन होते म्हणजे नक्की कोणाचे काय जतन होते? याचे उत्तर गेल्टाख्तच्या तरुणांनी १९६९ मध्ये रस्त्यावर येऊन दिले. त्या वर्षी तेथे नागरी हक्क चळवळ उभी राहिली. तिच्या मागण्यांत काम होते, स्थानिक सत्ता होती आणि स्वतःच्या भाषेतले आकाशवाणी केंद्र होते. सरकार ऐकेना, तेव्हा १९७० च्या ईस्टरला रोस मक या गावातून कार्यकर्त्यांनी विनापरवाना केंद्र सुरू करून दाखविले. भाषेचा वार्षिक मेळावा राजधानीत, डब्लिनमध्ये भरत असे. त्याच वर्षी यांनी आपला पर्यायी मेळावा गेल्टाख्तमध्ये भरविला. विद्रोही साहित्य संमेलन ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कृतीचा अर्थ कळेल. अखेर २ एप्रिल १९७२ रोजी 'रेडिओ ना गेल्टाख्ता' हे सरकारी केंद्र सुरू झाले. ध्वनिमुद्रण करणारा आणि गाणारा आता एकाच गावचे, एकाच बोलीचे झाले. गाणाऱ्याला आपली हकीकत कोणा पाहुण्याला समजेल अशी सोपी करून सांगावी लागत नव्हती. गाणी हक्कांच्या लढ्यातून सुरक्षित झाली, नुसत्या संग्रहालयातून नव्हे, हा या इतिहासातला मोलाचा धडा आहे.

याच सुमारास नव्या श्रोत्यांचा प्रश्न उभा राहिला. गिटार आणि रेकॉर्ड-प्लेयर यांच्यावर वाढलेल्या तरुणाला एकट्या गळ्याचे, बिनतालाचे गाणे कसे ऐकवायचे? १९७१ मध्ये 'स्कारा ब्रे' नावाच्या चमूने आयरिश गाणी गिटारवर, अनेक आवाजांच्या मेळात बसवून एक तबकडी काढली. त्यातील तिघे डॉनेगल परगण्याशी नाते असलेली भावंडे. त्यांची आत्या नेली नी गोनिल ही गाण्यांची खाणच होती. भाचा मिहाल याने तिच्याकडून अडीचशेहून अधिक गाणी डब्लिनच्या विद्यापीठासाठी ध्वनिमुद्रित केली. म्हणजे नव्या चालीचे गाणे बाजारात गेले, पण मूळ गळा त्याच्या नावानिशी संग्रहात राहिला. 'क्लॅनाड' हा दुसरा चमूही डॉनेगलमधल्याच एका घरातला. आयरिशमध्ये गाऊन काही मिळणार नाही असे त्यांना सांगितले गेले होते. १९८२ मध्ये त्यांचे आयरिश शब्द असलेले गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकावर गेले.

यात मिळाले काय, हरवले काय? मिळाले ते उघड आहे: ज्या भाषेची शाळेत लाज वाटायची ती तरुणांच्या ओठावर आली. हरवले ते सूक्ष्म आहे. ताल ठरला की ओळीला हवे तसे लांबता येत नाही. सूर साथीच्या वाद्यावर बसवला की मधले श्रुतिभेद पुसले जातात. तीन मिनिटांची मर्यादा आली की कडवी गळतात, आणि कडवी गळली की हकीकत तुटते. यावर एक उत्तर इअर्ला ओ लिनार्डच्या गाण्यात सापडते. तो एलिझाबेथ क्रोनिनच्याच कुळातला, तिच्या भावंडांच्या नातवंडांपैकी. संगीतकार शॉन ओ रिआदाने कूलिया गावी स्थापन केलेल्या गायकवृंदात तो वाढला. १९९७ च्या त्याच्या तबकडीत यंत्रांचे सूर आहेत, परंतु ते मागे तानपुऱ्यासारखे पसरलेले असतात. गाण्याची ओळ आपल्या मर्जीने चालते. पुढे 'द ग्लोमिंग' या चमूत पियानो, फिडल यांच्या संगतीतही त्याने हीच वाट धरली. आधुनिकता हवी की शुद्धता, हा वाद मला खोटा वाटतो. साथ गळ्याच्या मागे चालते की गळ्याला आपल्या मागे फरफटत नेते, एवढेच पाहावे.

आता पैशाचा प्रश्न, कारण तो टाळून संस्कृतीविषयी बोलणे हा सुस्थितांचा छंद आहे. तबकडीवर 'पारंपरिक, संगीतयोजना अमुक' असे छापलेले असते. कायद्याच्या दृष्टीने पारंपरिक गाण्याला मालक नाही. संगीतयोजनेला मात्र मालक आहे. त्यामुळे रचनेच्या हक्काचे मानधन योजकाला जाते, आणि ज्या म्हातारीने ते गाणे सत्तर वर्षे जिवंत ठेवले तिला काही मिळत नाही. 'सर्वांचे' म्हटले की ते व्यवहारात बळवंताचे होते, हा अनुभव गायरानापासून गाण्यापर्यंत सारखाच आहे.

आणि या उतरंडीच्याही खाली एक थर आहे. आयर्लंडमध्ये 'ट्रॅव्हलर' म्हणून ओळखला जाणारा भटका समाज आहे. कल्हई, घोड्यांचा व्यवहार, गाणे-बजावणे यांवर जगलेला आणि गावकुसाबाहेर ठेवलेला. यांची गाणी बहुतेक इंग्रजीत, म्हणून ती काटेकोरपणे या विषयात बसत नाहीत. परंतु त्यांना वगळले तर आपण कसले अभ्यासक? टॉम मनेली या संग्राहकाला बॉइल गावी जॉन रायली हा ट्रॅव्हलर गायक भेटला. इतरत्र विसरली गेलेली अतिशय जुनी कथागीते त्याला येत होती. पडक्या घरात राहणारा हा माणूस १९६९ मध्ये, पंचेचाळिशीच्या आत, न्यूमोनियाने मेला. १९७३ मध्ये 'प्लँक्स्टी' या प्रसिद्ध चमूने आपल्या तबकडीला त्याच्याकडून आलेल्या गाण्याचेच नाव दिले. त्याच्या स्वतःच्या गळ्याची तबकडी निघाली ती १९७८ मध्ये, मरणानंतर नऊ वर्षांनी. आयरिश राज्याने ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली, त्याला १ मार्च २०१७ उजाडावा लागला. राष्ट्राच्या गाण्याविषयी गहिवरून बोलणाऱ्यांना त्याच राष्ट्रातला गावकुसाबाहेरचा गळा किती उशिरा ऐकू येतो, हे यावरून दिसते.

मग आपण यातून घ्यायचे काय? एक गोष्ट शिक्षकांसाठी. १९३७ ते १९३९ या काळात लोकविद्या आयोगाने शाळांमार्फत एक उपक्रम केला. सुमारे पन्नास हजार मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारले आणि ते वहीत लिहिले. सात लाखांहून अधिक पाने जमली. पानावर लिहिणाऱ्या मुलाचे आणि बहुधा सांगणाऱ्याचेही नाव आहे. ही पाने आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. म्हणजे हे काम होऊ शकते, आणि नाव न पुसता होऊ शकते.

जलशांची, शाहिरांची, आपल्या आया-आज्यांची गाणी घेताना आज यंत्राची अडचण नाही. ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. अडचण शिस्तीची आहे. गाणाऱ्याची संमती घ्यावी. नाव, गाव, गाणे कोणाकडून आले, कोणी रचले, कशासाठी रचले, हे तिच्याच तोंडून, तिच्याच बोलीत मुद्रित करावे. गाणे कापू नये, बोली सुधारू नये. एक प्रत तिच्या घरी द्यावी. आणि त्यातून कधी काळी दोन पैसे आले, तर ते आधी कोणाच्या घरात जातील हे गाणे घेण्यापूर्वी ठरवावे.

माझ्याजवळच्या आजीच्या ओव्या मी गेल्या वर्षी पुन्हा ऐकल्या. तिचे ते वाक्य त्यात आहे, माझे "ते नंतर"ही आहे. मी ते कापलेले नाही. गावात तिच्याबरोबर दळणाऱ्यांपैकी दोघी अजून आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचे ठरविले आहे. या वेळी आधी हकीकत विचारीन, आणि मग गाणे.